उरला तो नऊ

१ फेब्रुवारी, शनिवार

ही वही आज बांधली. शाळेच्या हजेरीपटांतून उरलेला कागद, दोऱ्याची शिवण, पाठीला तपकिरी कापड. आधीची वही भरून दहा दिवस झाले होते आणि मी दुकानात बसून लोकांच्या वह्या बांधत होतो!

खळ दुपारी शिजवली. मोरचूद संपलेला. तो नसला की खळ चार दिवसांत आंबते, मग कीड लागते. ताई म्हणाली, लवंगेचं तेल घाल. दाढेसाठी ठेवलेली तिची बाटली मी वरच्या घरातून घेऊन आलो. सहा थेंब टाकले. मला वास जेमतेम आला. तीस वर्षं सरस आणि कातड्यात काढलेलं नाक, त्याला काय येणार.

याच खळीने वहीचे पुठ्ठे चिकटवले आणि उद्याच्या पट्ट्याही.

उद्यापासून परीक्षा, ओढून जात ओळखायची. आम्ही तिघं, नऊ सिगार, तीन रविवार. तीन जातींचे तीन-तीन आहेत. जाडी एक, लांबी एक, वरच्या पानाचा रंगही एकच, म्हणजे डोळ्यांना काही कळू नये. जातींना नावं आम्हीच ठेवलेली. मवाळ, जहाल आणि अपक्ष. मवाळात दूध, वाळलं गवत, बदाम. जहालात मिरी आणि माती. अपक्ष अर्ध्यापर्यंत एकाच्या बाजूने असतो, मग दुसऱ्याच्या, आणि शेवटी कोणाच्याच कामाचा राहत नाही.

कंपनीच्या सोनेरी पट्ट्या ताईने दार लावून काढल्या. सिगार तिच्या मनाने एका ओळीत मांडले, कोणता कुठे आहे त्याची यादी केली, लिफाफ्यात घालून लिफाफा बंद केला. मग मला आत बोलावलं. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर मी एक ते नऊ लिहून ठेवले होते. डावीकडून उजवीकडे एकेक गुंडाळत गेलो, टोकावर टोक चिकटवत. ओठाकडच्या बाजूला, टोपीच्या लगेच खाली. (टोपी म्हणजे ओठात धरायच्या टोकावरचं पानाचं झाकण.) शेवटची पट्टी जरा लांब कापली गेली होती. तशीच गुंडाळली.

एवढ्या निगुतीने कोणी बाळाला लंगोट बांधत नाही, असं ताई म्हणाली.

सगळे देवदाराच्या पेटीत. वर फडकं.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या मजल्यावर, दुकानामागच्या सज्जात तीन खुर्च्या. घरात ओढायला ताईची बंदी आहे. खिडकीतून धूर आत आला तरी ती वरून टाळी वाजवते.

फुरकेसाहेब सर्वांत आधी आले. फुरके हे त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं चहाच्या कंपनीत चाखणारे होते. दिवसाला दोनशे कप. चमच्यातला चहा टाळूवर ओढताना जो आवाज होतो तो अजून त्यांच्या साध्या पाणी पिण्यातही आहे. त्यावरून दातवाल्या बाईंनी नाव ठेवलं. त्यांनी ते असं काही पत्करलं की आता खरं आडनाव मलाही आठवून सांगावं लागतं.

दातवाल्या बाई म्हणजे दातांच्या डॉक्टर. महिन्याला एकच ओढायचा, असं दर रविवारी ठरवतात.

नियम लिहून काढले. पेटीत न बघता हात घालायचा. पेटवण्याआधी पट्टी सरकवून काढायची, आकडा मोठ्याने वाचायचा, पट्टी वेगळ्या लिफाफ्यात टाकायची. पहिला तृतीयांश जळेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

फुरकेसाहेबांना १ आला, बाईंना ३, मला ५.

साहेबांनी डोळे मिटले. न पेटवता एकदा ओढून बघितला. मग पेटवला. धूर तोंडात फिरवून थोडा नाकातून सोडला. दहाव्या मिनिटाला नियम मोडला आणि म्हणाले, जहाल. बाई म्हणाल्या, एवढ्यात कसं? तर म्हणाले, "ओळखीचं माणूस जिन्यात आलं की पावलांवरून कळतं. तोंड बघायला थांबायचं कशाला?"

टिपणांच्या वहीत त्यांनी आणखी एक शब्द लिहिला. लवंग, ओठाशी. आम्हा दोघांना लवंग आली नव्हती. बाई म्हणाल्या, लवंगेचं नाव काढू नका, दवाखाना आठवतो, माझी सुट्टी आहे.

माझी टिपणं – पहिला तृतीयांश: नवा पुठ्ठा, साल काढलेली फांदी. दुसरा: गोडसर, मग एकदम नाही. तिसरा: काही सांगता येत नाही. अपक्ष म्हटलं.

५ फेब्रुवारी

हजेरीपटांची चाळीस बुकं शिवली. बोटं सुजली. तोंडात अजून रविवार आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरी फेरी. साहेबांना ४, मला ७, बाईंना २.

बाईंची उपमा – "हिरडीला कापूस लावून ठेवल्यासारखं." आम्ही ती लिहून घ्यायला नकार दिला. त्यांनी स्वतः लिहिली.

साहेबांनी चारला अपक्ष ठरवलं. अर्धा होईपर्यंत वाट बघितली, कुठे वळतो ते बघितलं, मग बोलले. पुन्हा लिहिलं – लवंग. मी त्यांच्या हातातून घेऊन वास घेतला. काही नाही. बाईंनीही घेतला. साहेब आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. आम्ही मान हलवली तेव्हा त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली. खोडला मात्र नाही.

१३ फेब्रुवारी

साहेब दुपारी दुकानात आले. एकटे, आणि रविवार नसताना. बराच वेळ कापडाचे नमुने चाळत बसले. मग खिशातून पत्र काढलं.

त्यांची जुनी कंपनी त्यांना बोलावते आहे. सहा महिने नव्या चाखणाऱ्यांबरोबर टेबलाशी बसायचं. शिकवायचं असं नाही, फक्त शेजारी बसून चहा ओढायचा आणि काय वाटलं ते बोलायचं. दहा मार्चपर्यंत उत्तर हवं.

मी म्हटलं, मग अडलंय कुठे?

गेल्या वर्षीचा ताप मला माहीत आहे. दोन महिने त्यांना कशाचाच वास येत नव्हता. दूध करपलं तरी कळत नव्हतं. मग एक दिवस वास परत आला आणि आम्ही तिघांनी त्या खुशीत एकेक सिगार ओढला होता. मला वाटलं होतं, तो विषय तिथे संपला. त्यांचा संपला नव्हता. म्हणाले, "परत आला खरा. पण गेला होता तोच आलाय का, हे मी कोणाला विचारू?"

म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आहे. या परीक्षेत तिन्ही बरोबर आले तर कंपनीला होकार. एक जरी चुकला तरी नाही. दुसऱ्यांची जीभ बिघडवायला आपण जायचं नाही.

बाईंना सांगू नकोस म्हणाले. मी हो म्हटलं. जाताना मोरचूद घातलेल्या नव्या खळीच्या पातेल्याकडे बघून म्हणाले, झाकून ठेव. ते गेल्यावर झाकलं.

आता रविवारची मलाच धडधड.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेवटची फेरी. साहेबांना ६. बाईंना ८. माझा उरलेला. यादीत एकच आकडा शिल्लक होता, नऊ. लिहिला. पट्टी काढून लिफाफ्यात टाकली. माझं लक्ष साहेबांच्या हातांकडे होतं. त्यांचा पेटेना. तीन काड्या गेल्या.

सहाला ते मवाळ म्हणाले. आणि पुन्हा लवंग.

माझा छान जळला. राख बोटभर, न पडता. दूध, गवत, शेवटी बदामाचं साल. मीही मवाळ म्हटलं, आणि जरा ऐटीतच म्हटलं.

ताईने यादी वाचली. बाईंचे तीनपैकी दोन बरोबर. माझे पाच आणि सात बरोबर, पण नऊ जहाल निघाला. मिरीला मी दूध म्हटलं होतं! मी हसलो. बाईही हसल्या. मग साहेबांची पाळी. चार, अपक्ष – बरोबर. सहा, मवाळ – बरोबर. एक –

एक मवाळ होता. दहा मिनिटांत जहाल म्हटलेला.

ताई यादी ठेवून वर गेली. बाईंना काही माहीतच नव्हतं, त्या टिपणं चाळत म्हणाल्या, आणि ही लवंग हो साहेब, तिन्हीत? मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, तीन वेगळ्या जाती, तीन वेगळ्या गावची पानं, तिन्हीत लवंग कशी असेल.

साहेबांनी राख झटकली. मग हळू म्हणाले, "मग ती माझ्यातच असणार."

उठले. सिगारचं टोक कापायचा आपला कटर बाईंच्या बशीशेजारी ठेवला. तुमचा बोथट झालाय, हा असू द्या, म्हणाले. बाईंना वाटलं भेट आहे. त्यांनी आभार मानले.

लिहू का? लिहितो. क्षणभर मला बरं वाटलं. बारा वर्षं हा माणूस माझ्या तोंडात काय आहे ते मला सांगतो आहे. मी पुठ्ठा म्हटलं की हा म्हणतो, पुठ्ठा नव्हे, पुठ्ठ्यावरची धूळ. आणि बारा वर्षं तो बरोबर असतो. आज नव्हता. आपल्यासारखाच निघाला म्हातारा, असं वाटलं. संपला म्हातारा, असंही वाटलं. मग जिन्यात त्यांची पावलं ऐकली. प्रत्येक पायरीवर थांबत उतरत होते.

वही माझी आहे. इथे लिहिलं ते इथेच राहील.

१८ फेब्रुवारी

साहेबांकडे फोन केला. नकार पाठवलात का? अजून नाही. दहा तारखेला पाठवतील. होकाराला घाई असते, नकाराला कशाला, म्हणाले. आवाज नेहमीचा. तेच जास्त वाईट.

२३ फेब्रुवारी, रविवार

खुर्च्या तीन, माणसं दोन. बाईंना शेवटी सांगितलं. कंपनीचं पत्र, ताप, सगळं. शब्द मोडला. त्या माझ्यावर चिडल्या, मग स्वतःवर. कटर पर्समधून काढून टेबलावर ठेवला, जणू चटका बसला; जाताना पुन्हा पर्समध्ये टाकला.

मग टिपणांची वही ओढून घेतली आणि एक्स-रे बघतात तशी उजेडात धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, गंमत आहे. ते मवाळाला जहाल म्हणाले, तुम्ही जहालाला मवाळ म्हणालात. बरोबर उलटं.

मी म्हटलं, असेल.

त्यावर त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून ठेवतो. "माझ्याकडे एकदा दोन आजोबांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली होती. एक रोज येऊन सांगायचे सैल होते, दुसरे सांगायचे घट्ट होते. मी आठवडाभर दोघांची तोंडं तपासली. तोंडं दोन्ही ठीक होती."

हसलो. घरी आल्यावर हसू येईना.

२४ फेब्रुवारी

सकाळी दुकान उघडताच पट्ट्यांचा लिफाफा टेबलावर उलटा केला. नऊ कड्या. ओळीने लावल्या.

एक. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ.

नऊ नाही. एक दोनदा.

एका कडीचा जोड बाकीच्यांपेक्षा रुंद. किटलीच्या वाफेवर धरली, सुरीच्या टोकाने उकलली. लांब राहिलेलं टोक आकड्यावर आलेलं. नवाचं डावीकडचं वळण त्याच्याखाली गेलं होतं. वर उरलं ते हुबेहूब एक.

म्हणजे पहिल्या रविवारी साहेबांनी ओढला तो नऊ होता. जहाल. दहा मिनिटांत ओळखलेला. आणि शेवटच्या रविवारी मी ओढला तो खरा एक. मवाळ. मीही बरोबर होतो! त्याचा आनंद मात्र होत नाही.

मी पट्टी बघितलीच नव्हती. उरला तो नऊ. तीस वर्षं लोकांच्या पुस्तकांची पानं लावतो. उरलं ते शेवटचं पान, असं एकदाही धरून चाललो नाही. प्रत्येक क्रमांक बघतो, बोट ठेवून बघतो. आणि इथे, जिथे एका माणसाचं सगळं त्यावर टांगलेलं होतं, तिथे त्याच माणसाच्या हातांकडे बघत राहिलो.

२६ फेब्रुवारी

दोन दिवस एक युक्ती घोळवतो आहे. नवे नऊ सिगार आणायचे, नव्या पट्ट्या, सहज म्हणून पुन्हा परीक्षा. ते जिंकणारच. मग माझ्या पट्टीचं नाव काढायची गरज नाही.

ताईला सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसतच म्हणाली, "चूक तुझी, आणि परीक्षा पुन्हा त्यांचीच?"

बाईंनाही फोन करून पट्टीतली चूक सांगितली. त्या म्हणाल्या, कटर घेऊन लगेच जाते. मी म्हटलं, आधी मी.

१ मार्च, शनिवार

साहेबांकडे गेलो. त्यांची खोली आवरलेली, जरा जास्तच आवरलेली. कपाटात पांढरे कप ओळीने पालथे. चहाचे पत्र्याचे डबे, त्यांवर साल आणि मळ्याचा क्रमांक, आत काही नाही. सिगारची पेटी दिसली नाही. विचारलं नाही.

सगळं सांगितलं. उकललेली पट्टी पुढे ठेवली. त्यांनी ती खिडकीशी नेली, उलटसुलट केली, बराच वेळ. मला वाटलं, पटलं त्यांना.

परत येऊन बसले आणि म्हणाले, "अशी पट्टी करायला तुला किती वेळ लागेल?"

पाच मिनिटं, म्हटलं. दुसरं काय सांगणार.

"मन मोठं आहे तुझं," म्हणाले. तेवढंच. रागाने नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी शपथ घेतली. ते म्हणाले, शपथ घ्यायची वेळ आली म्हणजे बघ. बाइंडरने कागदाचा पुरावा आणावा, हे म्हणजे मी माझ्या हाताने चहा करून तुला तो उत्तम आहे असं सांगण्यासारखं.

दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "बरं, पट्टीचं मानलं. मग लवंगेचं काय?"

पायऱ्या उतरताना मीही प्रत्येकीवर थांबत होतो.

२ मार्च, रविवार

ओढला नाही. पेटी उघडून बंद केली.

४ मार्च

आज सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी ताईची दाढ पुन्हा ठणकायला लागली. लवंगेच्या तेलाची बाटली घरात सापडेना. तूच नेली होतीस, म्हणाली. मी म्हटलं, मी कशाला नेऊ. दुकानात जाऊन बघ म्हणाली. गेलो. खळीच्या पातेल्यामागे, मोरचुदाच्या नव्या पुडीला टेकून, बाटली उभी.

बाटली हातात घेऊन स्टुलावर बसलो आणि ही वही उघडली. पहिलं पान. माझंच अक्षर. सहा थेंब टाकले. याच खळीने उद्याच्या पट्ट्याही. ओठाकडच्या बाजूला, टोपीच्या लगेच खाली.

लवंग तिन्हीत होती. नऊच्या नऊ सिगारांत होती! रात्रभर ओली पट्टी पानाला बिलगून होती. ती बाईंना आली नाही, त्यांच्या नाकात रोजचीच लवंग असते. मला आली नाही, माझं नाक हे असं. ज्या एकाला आली, त्याला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं की तुमचं नाक गेलं.

आणि त्यांनी तो शब्द खोडला नव्हता. रेघ मारली होती, खोडला नव्हता.

ताईला बाटली नेऊन द्यायला तासभर लागला. गाल धरून बसली होती. मी सांगितल्यावर मात्र गाल सोडून दिला.

५ मार्च

आता हे सांगायचं कसं?

तोंडी सांगितलं तर म्हणतील, लवंगही जुळवून आणलीस. पहिलं पान कापून नेलं तर बाइंडरने लिहिलेलं एक सुटं पान, त्याची किंमत पट्टीएवढीच. तारीख काय, कोणीही घालतं.

न्यायची तर सबंध वही. शिवलेली. शिवण त्यांना उलगडून बघता येईल. मागून घातलेलं पान लपत नाही, दोरा सांगतो. पहिल्या पानापासून आजपर्यंत सलग.

सलग म्हणजे सोळा तारीखही.

६ मार्च

सोळा तारखेचं पान तीनदा वाचलं. पान काढून शिवण पुन्हा आवळणं मला जमतं, कोणाला कळणार नाही असं जमतं. सुरी हातात घेतलीही होती.

पण मग ती वही बाइंडरची झाली असती. मला तर ती साक्षीदार म्हणून न्यायची आहे.

आणि एक लक्षात आलं. ते पानच सगळ्यांत मोठा पुरावा आहे. दया दाखवायला निघालेला माणूस स्वतःबद्दल असं लिहीत नाही.

सुरी जागेवर ठेवली. ताईने बघितलं असावं. विचारलं, मी नेऊन देऊ का? तुझं तोंड बघितलं तर ते पुन्हा तुझीच समजूत घालत बसतील.

८ मार्च, शनिवार

एक फेब्रुवारीच्या, पहिल्याच पानात चिठ्ठी घातली आहे. साहेब, फक्त हे पान वाचा. शिवण तपासा.

ते फक्त तेच पान वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे. मीही तेवढंच वाचून थांबलो नसतो. वाचोत. म्हातारा माझ्याशी पुन्हा बोलला नाही तरी सोमवारी त्याने होकार पाठवावा. एवढंच हवं आहे. हे लिहिताना अजिबात भीती वाटत नाही, असं मात्र नाही.

ताई चपला घालून दारात उभी आहे. लिहायचं तेवढं लिही आणि दे, म्हणते.

देतो.

९ मार्च, रविवार

अक्षर परकं वाटेल. हे फुरके.

तुझी वही तुझ्या खुर्चीवर ठेवून जातो आहे. शिवण तपासली नाही. सोळा तारखेचं पान वाचलं. तुझ्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. मी लिहिलं नसतं. बाईंकडून माझा कटर आणून ठेव, पुढच्या रविवारी लागेल, त्यानंतर सहा महिने नाही.

काल वही आली तेव्हा चष्मा सापडत नव्हता. सवयीने नाकाशी धरली. पुठ्ठ्याच्या सांध्यात तीच लवंग, ओठाशी आलेली. कंपनीला होकार तेव्हाच कळवला. चष्मा नंतर सापडला.